परिसरातील ध्वनी आणि दूरध्वनीची घंटी : वऱ्हाडाच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

दूरध्वनीचा इतिहास सामान्यतः तारा, केंद्रे आणि ग्राहकसंख्या यांच्या आधारे लिहिला जातो. या इतिहासात घंटीला फारसे स्थान मिळालेले नाही. वस्तुतः घंटी ऐकू आली नाही तर तार, केंद्र आणि बोलणारा माणूस ही सारी साखळी निरुपयोगी ठरते. दूरध्वनी म्हणजे आधी हाक आणि मग संभाषण. ती हाक किती मोठी असावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु ज्या ठिकाणी हाक ऐकायची आहे, तेथील गोंगाट दर तासाला, दर हंगामाला आणि दर पंचवीस पावलांवर बदलत असतो. त्यामुळे या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही.

आसपासचा ध्वनी मोजून त्यानुसार घंटीचा आवाज आपोआप कमी-अधिक करणारे परिपथ, म्हणजेच सर्किट, हे या प्रश्नाला इलेक्ट्रॉनिक्सने दिलेले उत्तर आहे. प्रस्तुत निबंधात या कल्पनेचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून अमरावती व अकोला या वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांच्या ध्वनिजीवनाच्या संदर्भात तिचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

1) वऱ्हाडातील सार्वजनिक ध्वनिसंकेतांची पूर्वपीठिका समजून घेणे.
2) दूरध्वनीच्या घंटीचा तांत्रिक विकास आणि ध्वनिमापनाचे शास्त्र यांचा संबंध स्पष्ट करणे.
3) परिसरानुसार आवाज बदलणाऱ्या परिपथाची रचना, त्यातील अडचणी व मर्यादा यांची चिकित्सा करणे.
4) गोंगाटाशी जुळवून घेणारे यंत्र आणि गोंगाट कमी करण्याची सामाजिक जबाबदारी यांतील नाते तपासणे.

वऱ्हाडातील ध्वनिसंकेतांची पूर्वपीठिका

यंत्रयुगापूर्वी गावात सार्वजनिक सूचना देण्याचे साधन दवंडी हे होते. डफडे वाजवून कोतवाल आधी लोकांचे लक्ष वेधून घेई, मग वाद्य थांबवी आणि त्या शांततेत मजकूर सांगे. बाजाराच्या दिवशी तो आवाज चढवी, तर सायंकाळी देवळाच्या पारावर उतरवी. ऐकणे आणि बोलणे या दोन्ही क्रिया एकाच माणसाकडे असल्याने परिसराचे मोजमाप वेगळे करावे लागत नसे. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे निरीक्षण फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये शास्त्रीय स्वरूपात मांडले आणि पुढे ते त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. दवंडी देणाऱ्याच्या अंगी हे ज्ञान अनुभवाने आलेले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडाचे ध्वनिजीवन झपाट्याने बदलले. 1853 मध्ये हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या प्रशासनाखाली आला. 1867 मध्ये वऱ्हाडातून जाणारा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. त्या काळी अकोला जिल्ह्यात असलेल्या खामगावच्या रेल्वे शाखेचे उद्घाटन 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते झाले. त्याच वर्षी समुद्रातील तारेने मुंबई थेट इंग्लंडशी जोडली गेली. कापसाची बाजारपेठ आता दूरच्या भावावर चालू लागली. 1886 मध्ये कारंजा येथे सुरू झालेली नियंत्रित कापूस बाजारपेठ आणि 1897 चा वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारविषयक कायदा हे या बदलाचे संस्थात्मक टप्पे होत.

कापसाबरोबर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. कारखान्यांबरोबर भोंगा आला. भोंगा हा वऱ्हाडातील पहिला असा संकेत, की ज्याला आजूबाजूचे काहीच ऐकू येत नव्हते. पहाटेची निःशब्द वस्ती असो वा दुपारचा गजबजलेला बाजार, त्याचा आवाज एकच. दवंडी आणि भोंगा यांतील हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दवंडी परिसर ऐकून बोलते, तर भोंगा परिसर न ऐकता बोलतो.

तारकचेरीत मात्र याच सुमारास एक वेगळा उपाय रूढ होता. तारयंत्राच्या 'कट-कट' ध्वनीवरून संदेश उतरवून घेताना आजूबाजूच्या यंत्रांचा गोंधळ होऊ नये, म्हणून यंत्रामागे लाकडी कोनाड्यासारखी पेटी बसवत. तिच्यामुळे ध्वनी मोठा करण्याऐवजी नेमक्या कानाकडे वळवला जाई. आवाज वाढवणे हा एकमेव मार्ग नाही, याची ही जुनी साक्ष आहे.

दूरध्वनीची घंटी : एक स्थिर आवाज

1876 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दूरध्वनीचे एकस्व मिळवले, तेव्हा त्या यंत्राला घंटी नव्हती. त्यांचे सहकारी थॉमस वॉटसन यांनी 1878 मध्ये दोन वाट्यांमध्ये हेलकावे घेणाऱ्या दांडीची विद्युतचुंबकीय घंटी तयार केली. ही रचना जवळजवळ शंभर वर्षे टिकली. भारतात 28 जानेवारी 1882 रोजी कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. स्वातंत्र्याच्या वेळी संपूर्ण देशात सुमारे 80 हजार दूरध्वनी होते. 1948 मध्ये बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ही संस्था स्थापन झाली आणि तिने बनवलेली काळी यंत्रे देशभरातील कचेऱ्यांत, अडत दुकानांत व डॉक्टरांच्या घरी दिसू लागली.

या यंत्राची घंटी केंद्राकडून येणाऱ्या विजेवर वाजे. विश्रांतीच्या अवस्थेत तारेवर 48 व्होल्टचा एकदिश दाब असतो. हाक देताना केंद्र त्यावर सुमारे 75 व्होल्टचा, सेकंदाला 25 आवर्तनांचा प्रत्यावर्ती दाब पाठवते. भारतीय पद्धतीचा ठेका ठरलेला आहे. 0.4 सेकंद घंटी, 0.2 सेकंद विराम, पुन्हा 0.4 सेकंद घंटी आणि मग 2 सेकंद शांतता. हा ठेका ज्यांच्या कानात बसला आहे, त्या पिढीतील प्राध्यापकांना आकडे सांगण्याची गरज नाही.

आवाजाचे काय? 1949 मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने आणलेल्या 500 क्रमांकाच्या यंत्राच्या तळाशी घंटीचा आवाज हाताने कमी-अधिक करण्याचे चाक होते. कारखान्यात किंवा मोठ्या वाड्यात एक्स्टेन्शन बेल म्हणून ओळखली जाणारी मोठी जादा घंटी बाहेरच्या भिंतीवर बसवत. थोडक्यात, परिसराचा अंदाज माणसाने एकदाच घ्यायचा आणि यंत्राने तो कायम पाळायचा, अशी ही व्यवस्था होती. जिनिंगच्या हंगामात अपुरी पडणारी घंटी हंगाम संपल्यावर त्याच कचेरीत दचकवणारी ठरे.

ट्रंक कॉलच्या काळात याचे मोल पैशांत मोजता येत होते. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा चढत्या दरांनी मुंबईचा कापसाचा भाव विचारणाऱ्या व्यापाऱ्याला तासन्‌तास वाट पाहावी लागे. कॉल लागला आणि घंटी कुणाच्या कानी पडली नाही, तर पुन्हा वाट पाहण्याशिवाय गत्यंतर नसे.

गोंगाट मोजण्याचे शास्त्र

आवाज आपोआप बदलायचा तर आधी गोंगाट मोजता आला पाहिजे. हे शास्त्र दूरध्वनीच्याच पोटी जन्मले, हा योगायोग नव्हे. बेल कंपनीच्या अभियंत्यांनी 1924 मध्ये तारेतील संकेताची घट मोजण्यासाठी एक एकक ठरवले. काही वर्षांतच त्याला 'डेसिबल' हे नाव मिळाले. हे एकक घातांकी असल्याने 10 डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता 10 पट, 20 डेसिबल म्हणजे 100 पट. कानाला मात्र 10 डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी भासते.

एक ध्वनी दुसऱ्या ध्वनीला कसा झाकून टाकतो, याचा अभ्यासही 1924 मध्ये वेगेल व लेन यांनी प्रसिद्ध केला. झाकले जाणे केवळ आवाजाच्या मोठेपणावर अवलंबून नसते, ते स्वराच्या उंचीवरही अवलंबून असते. गिरणीची जड घरघर बारीक कंप असलेल्या घंटीला सहज झाकत नाही, परंतु जवळपासच्या स्वराची दुसरी घंटी तिला झाकते. 1982 मध्ये रॉय पॅटरसन यांनी विमानातील धोक्याच्या सूचनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मांडली. सूचना ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा सुमारे 15 ते 25 डेसिबल वर असावी, त्याहून अधिक मोठी सूचना माणसाला सावध करण्याऐवजी गोंधळवते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

भारतात 14 फेब्रुवारी 2000 रोजी ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम लागू झाले. त्यांनुसार दिवसा व रात्री अनुक्रमे औद्योगिक क्षेत्रात 75 व 70, वाणिज्य क्षेत्रात 65 व 55, निवासी क्षेत्रात 55 व 45 आणि शांतता क्षेत्रात 50 व 40 डेसिबल अशा मर्यादा ठरल्या. म्हणजे कायद्यानेच चार प्रकारचे परिसर आणि दोन प्रहर मान्य केले. या आठ मर्यादांतील सर्वोच्च व सर्वात कमी यांत 35 डेसिबलचे अंतर आहे. तीव्रतेच्या भाषेत ते तीन हजार पटींहून अधिक भरते. अशा स्थितीत एकाच आवाजाची घंटी एका परिसराला योग्य असली, तर इतर परिसरांना अयोग्य ठरणार, हे उघड आहे.

परिपथाची घडण

स्वयंचलित ध्वनिनियंत्रणाचे मूळ रेडिओत आहे. जवळचे केंद्र लावले की कर्कश आणि दूरचे लावले की क्षीण, या त्रासावर हॅरल्ड व्हीलर यांनी 1925-26 मध्ये स्वयंचलित नियंत्रणाचा परिपथ शोधून काढला. येणारा संकेत कितीही बदलला तरी बाहेर पडणारा आवाज स्थिर राखणे हे त्याचे काम. घंटीच्या बाबतीत गरज उलट आहे. येथे एका मार्गाने येणारा ध्वनी मोजून दुसऱ्या मार्गाने जाणारा ध्वनी बदलायचा असतो.

या परिपथाचे चार भाग पडतात. पहिला कान, म्हणजे मायक्रोफोन. 1962 मध्ये बेल प्रयोगशाळेत सेसलर व वेस्ट यांनी तयार केलेल्या इलेक्ट्रेट मायक्रोफोनमुळे हा भाग बोटाच्या पेराएवढा आणि स्वस्त झाला. दुसरा भाग प्रवर्धकाचा, तो मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवतो. तिसऱ्या भागात डायोड, रोधक व धारित्र यांच्या साहाय्याने त्या हेलकावणाऱ्या संकेताचे सरासरी दाबात रूपांतर होते. हा दाब म्हणजे परिसरातील गोंगाटाचे माप. चौथा भाग त्या मापानुसार घंटीच्या प्रवर्धकाची पातळी वर किंवा खाली करतो. पदविका अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील सामान्य घटकांतून हा परिपथ जुळवता येतो. अवघड आहे ते त्याला शहाणपण देणे.

शहाणपणाच्या चार कसोट्या

पहिली कसोटी स्वतःचा आवाज ओळखण्याची. घंटी वाजू लागली की मायक्रोफोनला तीच सर्वात मोठी ऐकू येते. परिपथ तिला गोंगाट समजतो, आवाज वाढवतो, वाढलेला आवाज पुन्हा ऐकतो आणि पुन्हा वाढवतो. यावरील उपाय जुन्या ठेक्यातच दडलेला आहे. तीन सेकंदांच्या आवर्तनात दोन सेकंद सलग शांतता असते. मोजमाप फक्त त्या दोन सेकंदांत करायचे व घंटी वाजताना ते गोठवायचे. डफडे थांबवून मग बोलणाऱ्या कोतवालाची रीत ती हीच.

दुसरी कसोटी वेळेची. धारित्र लहान ठेवले तर रस्त्यावरून गेलेल्या एका मालमोटारीनेही आवाज उसळतो. मोठे ठेवले तर गोंगाट संपून गेल्यावरही घंटी ओरडत राहते. म्हणून चढण्याचा वेग आणि उतरण्याचा वेग वेगवेगळे ठेवावे लागतात.

तिसरी कसोटी विजेची. तारेच्या दूरध्वनीत चोंगा खाली असताना ग्राहकाने तारेतून वीज ओढणे अपेक्षित नसते. कारण चोंगा उचलला गेला की नाही, हे केंद्र त्या प्रवाहावरूनच ओळखते. त्यामुळे सतत ऐकणाऱ्या परिपथाला वेगळा वीजपुरवठा किंवा घट द्यावा लागतो. ज्या भागात भारनियमन हा रोजचा अनुभव होता, तेथे ही अट लहान नव्हती.

चौथी कसोटी भ्रमणध्वनीबरोबर आली. जीएसएम पद्धतीचा संच सेकंदाला सुमारे 217 वेळा रेडिओलहरींचे झटके सोडतो. शेजारच्या प्रवर्धकात त्यांची गुणगुण उमटते. कॉल येण्याच्या नेमक्या क्षणी हे झटके सुरू होत असल्याने, जवळ ठेवलेला साधा परिपथ शांत खोलीतही गोंगाट असल्याचा निष्कर्ष काढतो. संरक्षक आवरण व गाळणी यांशिवाय हा दोष जात नाही.

भ्रमणध्वनीचे युग

31 जुलै 1995 रोजी भारतातील पहिला भ्रमणध्वनी कॉल कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाला. भारत संचार निगमने ऑक्टोबर 2002 मध्ये भ्रमणध्वनी सेवा सुरू केली. 2003 मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाले आणि भ्रमणध्वनी सर्वसामान्यांच्या हाती आला. अमरावतीचा 0721 व अकोल्याचा 0724 हे क्रमांक ठळकपणे लिहिलेली एसटीडी बूथ पुढील दशकात ओस पडत गेली.

या बदलाचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला आहे. तारेचा दूरध्वनी एका जागी असे. त्याचा परिसर हंगामानुसार बदले, जागेनुसार नव्हे. भ्रमणध्वनी मात्र माणसाबरोबर फिरतो. सकाळी अकोल्याच्या कापूस बाजारात, दुपारी जिल्हा रुग्णालयात, सायंकाळी बडनेऱ्याच्या फलाटावर आणि रात्री चिखलदऱ्याच्या विश्रामगृहात असलेल्या एकाच संचाला चार परिसर भेटतात. श्रावणातील अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे जल घेऊन अकोल्यात येणाऱ्या कावड यात्रेत जो आवाज अपुरा पडतो, तोच वर्गात व्याख्यान थांबवतो.

दुसरे म्हणजे, गाण्यांच्या रिंगटोनमुळे ठेक्यातील दोन सेकंदांची शांतता नाहीशी झाली. आता मोजमाप करायचे तर घंटी वाजण्यापूर्वीच्या क्षणी करावे लागते. उत्पादकांनी वेगवेगळ्या वाटा चोखाळल्या. 2010 मध्ये एचटीसी कंपनीच्या संचांत खिशात वा पिशवीत असताना मोठ्याने वाजणारी आणि हातात घेताच मंदावणारी घंटी आली. 2017 च्या आयफोन टेनमध्ये ग्राहक पडद्याकडे पाहत असल्याचे ओळखून घंटी हळू करण्याची सोय होती. या दोन्ही उपायांत परिसराच्या गोंगाटाऐवजी माणसाच्या अवधानाचा अंदाज घेतला आहे.

सतत ऐकणाऱ्या मायक्रोफोनमुळे खासगीपणाचा प्रश्नही उभा राहतो. गोंगाटाची पातळी मोजायला शब्द साठवण्याची गरज नसते. डायोड व धारित्राच्या परिपथात तर शब्द उरतच नाहीत, उरतो तो केवळ एक दाब. संगणकीय संचात मात्र हा संयम रचनेत अंगभूत नसतो, तो नियमाने आणावा लागतो.

जिनिंगचा कान

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. धोक्याच्या ध्वनिसंकेतांविषयीच्या 7731 क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असा संकेत परिसराच्या ध्वनीपेक्षा किमान 15 डेसिबल अधिक असावा लागतो. घंटीला हाच हिशेब लावून पाहू. रात्रीच्या 40 डेसिबलच्या शांतता क्षेत्रात 55 डेसिबलची घंटी पुरते. कारखान्यात आठ तासांच्या पाळीसाठी 90 डेसिबल ही मर्यादा मानली जाते. तेथे 105 डेसिबलची घंटी लागेल. या दोहोंत तीव्रतेचे अंतर एक लाख पटींचे आहे. मुठीत मावणाऱ्या संचाला काही अंतरावरून हे साधणे शक्य नाही आणि साधले तरी ते इष्ट नाही, कारण असा आवाज स्वतःच कानाला अपायकारक आहे.

याचा अर्थ असा, की परिपथाच्या चढत्या बाजूला एक छत असलेच पाहिजे. त्या छतापलीकडे दिवा किंवा कंपन हेच योग्य संकेत. आणि जेथे घंटी ऐकू येत नाही, तेथे दोष घंटीचा नसून परिसराचा आहे, हे मान्य करणे भाग पडते. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटामुळे येणाऱ्या बहिरेपणाची नोंद कळवावयाच्या व्यावसायिक रोगांत होती. कापूस वेचण्यापासून गाठी बांधण्यापर्यंतच्या श्रमांवर वऱ्हाडाची संपन्नता उभी राहिली. मालकाच्या कचेरीत घंटी ऐकू यावी म्हणून भिंतीवर जादा घंटी बसली, परंतु त्याच भिंतीपलीकडे हंगामभर यंत्राजवळ उभ्या असलेल्या स्त्री-पुरुष कामगारांचा कान हा कुणाच्या हिशेबाचा विषय झाला नाही.

आणखी एक धोका ध्यानात घ्यावा लागतो. एका सभागृहात असे चाळीस संच असले, तर प्रत्येक संच इतरांच्या घंटीला गोंगाट समजून आपला आवाज चढवील. लग्नमंडपात सर्वच जण मोठ्याने बोलू लागले की शेवटी कुणाचेच ऐकू येत नाही, तशी ही गत होईल. गोंगाटाशी जुळवून घेणारे यंत्र गोंगाटात भरही घालू शकते.

निष्कर्ष

1) परिसर ऐकून आवाज ठरवण्याची कल्पना नवी नाही. दवंडीच्या प्रथेत ती होती. भोंगा व स्थिर आवाजाची घंटी यांनी ती मोडली आणि इलेक्ट्रॉनिक परिपथाने ती यंत्राच्या रूपात परत आणली.

2) अशा परिपथाचे यश त्याच्या घटकांवर कमी आणि त्याला कधी ऐकू द्यायचे, कधी थांबवायचे, यावर अधिक अवलंबून असते. जुन्या घंटीतील दोन सेकंदांची शांतता हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

3) या परिपथाचे खरे मोल आवाज चढवण्यात नसून उतरवण्यात आहे. रुग्णालय, ग्रंथालय, न्यायालय व वर्ग या ठिकाणी त्याचा उपयोग निर्विवाद आहे. चढत्या बाजूला निश्चित मर्यादा आणि त्यापुढे दृश्य किंवा स्पर्शसंकेत, अशी त्याची रचना असावी.

4) औद्योगिक गोंगाटावर मोठी घंटी हा उपाय नाही. यंत्राची देखभाल, कानांचे संरक्षण आणि कामगारांची नियमित श्रवणतपासणी यांना पर्याय नाही.

आपल्या विभागातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत व तंत्रनिकेतनांत परिपथ जुळवण्याचे प्रकल्प दरवर्षी होतात. गोंगाट मोजणारा भाग तयार झाल्यावर तो घंटीला जोडण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी एक दिवस जवळच्या जिनिंगमध्ये नेऊन ठेवावा आणि आलेले आकडे तेथील कामगारांना वाचून दाखवावेत. घंटी किती मोठी असावी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना गोंगाट किती असावा, हा अधिक जुना प्रश्न तेथे आपोआप समोर येईल.